घरी बांधायचा ६×९ कॅमेरा: सागवान, थ्रीडी प्रिंट की ॲल्युमिनियम?

सडाभटक्या:
नमस्कार मंडळी. १२० फिल्मवर (कागदासोबत गुंडाळलेला रुंद रोल) ६×९ सेंमीची फ्रेम देणारा कॅमेरा स्वतः बांधायचा आहे. भिंग मिळालं आहे: श्नायडरचं सुपर-अँग्युलॉन, ६५ मिमी, एफ/८, सिंक्रो-कॉम्पर शटरसकट. आता त्याच्यामागे फिल्म धरणारी काळोखी पेटी हवी.

कशासाठी, तर राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारांवरच्या, कातळशिल्पांसाठी. चित्रं जमिनीवर आडवी, खोदाई उथळ, आणि काही इतकी मोठी की जवळ उभं राहून पूर्ण दिसतच नाहीत. कशेळीचा हत्ती ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल. सूर्य खाली असताना तिरपं ऊन आलं की रेषा उठून दिसतात, वर चढला की कातळात विरून जातात. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण बहुतेक आजही उघड्या सड्यावर ऊन-पाऊस खात आहेत. डिजिटल फोटो मी काढतोच. मला त्याशिवाय एक मोठी निगेटिव्ह हवी आहे, जी पन्नास वर्षांनी कुणीही नुसती उजेडासमोर धरली तरी दिसेल.

प्रश्न असे. पेटी कशाची करू? फोकसची सोय लागेल का, की एकाच अंतरावर पक्कं बसवलं तर चालेल? आणि फिल्म पुढे सरकवायची यंत्रणा नवीन बनवू की जुन्या कॅमेऱ्यातून घेऊ?

टूलरूमवाले काका:
विषय आवडला. मी आयुष्यभर भोसरीत डाय आणि फिक्स्चर केली, म्हणून मापापासून सुरुवात करतो.

कॅमेऱ्यात नेमकेपणा एकाच ठिकाणी लागतो. भिंग ज्या पत्र्यावर बसतं तो पत्रा आणि फिल्म ज्या प्रतलात असते ते प्रतल, यांच्यातलं अंतर बरोबर हवं आणि दोन्ही समांतर हवेत. बाकी सगळं म्हणजे उजेड आत येऊ न देणं. अंतरात चूक किती चालते याचा हिशेब सोपा आहे: एफ-नंबर (भिंगाचं तोंड किती उघडं ते सांगणारा आकडा, आकडा मोठा तितकं तोंड लहान) गुणिले ०.०५ मिमी, म्हणजे फिल्मवर चालेल एवढा अस्पष्टपणा. एफ/८ ला पुढे-मागे ०.४ मिमी, एफ/२२ ला १.१ मिमी. तुमचं भिंग मुळातच एफ/८ चं आहे आणि तुम्ही तिपाईवर एफ/१६-२२ ला काम करणार. म्हणजे हात बसलेल्या सुताराला हे काम जमेल, संगणकावर चालणारं सीएनसी यंत्रच हवं असं नाही. एफ/२.८ चं भिंग असतं तर मी हे म्हटलं नसतं.

शटरचं भोक पाडायच्या आधी मागच्या आट्यांवर व्हर्नियर लावा. कोपल कंपनीच्या झीरो नंबर शटरचं भोक ३४.६ मिमी असतं, वन नंबरचं ४१.६. पण कॉम्परचे जुने आकार वेगळे निघू शकतात. इंटरनेटवरचा आकडा बघून पत्रा कापू नका.

प्रिंटरप्रेमी:
थ्रीडी प्रिंट, डोळे मिटून! डोरा गुडमनसारख्यांनी आपल्या कॅमेऱ्यांचे आराखडे खुले ठेवले आहेत. ते उघडून बघ, उजेड अडवायला सांधे कसे वळवतात ते तरी शिकायला मिळेल. पुढचा पत्रा अर्धा मिलिमीटर चुकला तर रात्री दुसरा लावायचा, सकाळी तयार. लाकडात ही मुभा नाही.

चांदावाला:
प्रिंटरप्रेमी, एक सांगतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाची पीएलए प्लास्टिकमध्ये प्रिंट केलेली बॉडी मे महिन्यात चंद्रपूरला बंद गाडीत राहिली. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि बाहेर ४५-४६ असताना गाडीच्या आत त्याहून जास्त होतं. भिंगाचा पत्रा एका बाजूला झुकला. दिसायला किरकोळ, पण वर काका म्हणाले तो समांतरपणाच गेला.

प्रिंटरप्रेमी:
@चांदावाला मान्य, पीएलए नको. पीईटीजी ८० च्या आसपास टिकतं, एबीएस १०० पर्यंत. भिंत ३ मिमी तरी ठेवायची, आणि काळं प्लास्टिक आहे म्हणून ते अपारदर्शक आहेच असं धरायचं नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च आत ठेवून बघायचं. पातळ भिंतीतून उजेड झिरपताना स्पष्ट दिसतो.

गोदाकाठ:
मी नाशिकला शाळेत शिकवते आणि सुट्टीत मुलांकडून पिनहोल कॅमेरे (भिंगाऐवजी सुईएवढं भोक असलेले) करून घेते. माझं मत थोडं वेगळं आहे. सडाभटक्या, एवढं चांगलं भिंग हातात आहे तरी आधी त्याच पेटीवर पिनहोल लावून एक रोल काढा. फिल्म कशी सरकते, उजेड कुठून शिरतो, फिल्मच्या कागदावरचे फोटोंचे आकडे मागच्या लाल खिडकीत येतात का, हे सगळं एका रोलमध्ये कळतं आणि भिंगाला काही होत नाही.

भोकाचं माप: अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, गुणिले १.९. भोक फिल्मपासून ६० मिमीवर असेल तर व्यास साधारण ०.३५ मिमी येतो, म्हणजे एफ/१७० च्या आसपास. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा घ्यायचा, सुईने नुसता उंचवटा आणायचा आणि तो बारीक पॉलिश पेपरने घासून उघडायचा. मग तो तुकडा स्कॅनरवर २४०० डीपीआयला ठेवा. व्यास ३३ पिक्सेलच्या जवळ आला की झालं. मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

कडक उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतं. पण फिल्म लांब एक्सपोजरला मंदावते हे लक्षात ठेवा. फोमापान १०० या फिल्मला मोजून एक सेकंद आला तर दोन द्यायचे, दहा आले तर ऐंशी! एचपी५ ही फिल्म बरीच सोशिक आहे, तिथे दहाचे वीस पुरतात.

रंकाळा:
गोदाकाठ ताई, मुलांकडून हे करून घेता याबद्दल मनापासून धन्यवाद.

आमच्या कोल्हापूरची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. बाबूराव आणि आनंदराव पेंटर या भावांनी चलत्चित्राचा कॅमेरा इथेच बांधायला घेतला होता. आनंदराव १९१६ मध्ये गेले. मग बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन १९१८ मध्ये तो पूर्ण केला, आणि त्याच्या जोरावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. चलत्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्म सेकंदाला सोळाएक वेळा थांबवायची, उजेड द्यायचा आणि पुन्हा खेचायची असते. ते काम या माणसांनी हाताने केलं. मूळचे ते चित्रकार आणि नाटकाचे पडदे रंगवणारे, इंजिनिअरिंग शिकलेले नव्हेत. आपल्याला रोल बोटांनी फिरवायचा आहे, तेव्हा जमणार नाही असं मनातही आणू नका.

टूलरूमवाले काका:
@रंकाळा सोळा आण्यांची गोष्ट सांगितलीत. दामल्यांचा यंत्रांवरचा हात किती पक्का होता हे आमच्या वडिलांकडून ऐकलं आहे.

निगेटिव्हवाली:
मूळ प्रश्नातल्या तिसऱ्या भागाबद्दल. फिल्मची यंत्रणा अजिबात नवीन करू नका. बेलोज (भिंग आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाता) फाटलेला एखादा जुना ६×९ घडीचा कॅमेरा शोधा. त्याच्या मागच्या अर्ध्या भागात सगळं तयार असतं: रीळ अडकवायची जागा, गुंडाळायची चावी, दाबपट्टी, लाल खिडकी. मुंबईत बोरा बाजारात किंवा चोर बाजारात, पुण्यात जुन्या बाजारात असे कॅमेरे अजून येतात. पुढचा भाग काढून टाकायचा आणि तिथे तुमची पेटी बसवायची. फिल्मच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंचे रूळ नीट बघा. दाबपट्टी बाहेरच्या, कणभर उंच रुळांवर टेकते आणि फिल्म कागदासकट आतल्या जागेतून सरकते. हे घरी करायला गेलं तर एकतर फिल्मवर चरे उठतात नाहीतर ती सैल राहते.

जुनंतेजपा:
याला माझा ठाम विरोध. चालू स्थितीतले जुने कॅमेरे कापून सुटे भाग काढायची पद्धत फार वाढली आहे. आमच्या घरात आग्फा क्लिक थ्री होता, बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनलेला. १२० च्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो. माझ्या आजोबांचा हसतानाचा एकमेव फोटो त्याच्यातला आहे. असे कॅमेरे महाराष्ट्रात घराघरांत होते आणि आता रंधा-करवतीखाली चालले आहेत. नवा बनवायचा तर पूर्ण नवा बनवा.

निगेटिव्हवाली:
@जुनंतेजपा तुमची कळकळ पोचली. मीही चालू कॅमेरा कापायच्या विरोधात आहे, म्हणूनच बेलोज फाटलेला असं मुद्दाम लिहिलं. आग्फाच्या घडीच्या कॅमेऱ्यांचे बेलोज कोपऱ्यांत पिचतात आणि भिंगाच्या आट्यांतलं ग्रीस गोंदासारखं घट्ट होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यात बुरशीने भिंगाची काच खाल्ली आहे आणि बेलोजही गेला आहे, तो फडताळात पडून राहण्यापेक्षा सड्यावर गेलेला बरा असं मला वाटतं. क्लिक थ्रीला मात्र हात लावू नये, यात मी तुमच्या बाजूची.

जुनंतेजपा:
मग ठीक. पण कापण्याआधी एखाद्या जाणत्याला दाखवा, बेलोज नवा करून देणारे लोक अजून आहेत.

एल्बेकाठ:
ड्रेस्डेनहून. इथे रविवारच्या जुन्या बाजारात घडीचे कॅमेरे ढिगाने मांडलेले असतात, कॅमेरे बनवणाऱ्या झाईस इकॉनचं गावच हे. भिंग गेलेले, बेलोज फाटलेले वेगळ्या टोपलीत. डिसेंबरात पुण्याला येतो आहे, ६×९ ची एखादी मागची बाजू घेऊन येईन, पोस्टाचा खर्च नको.

फिल्म मागवणार असाल तर एक सूचना. विमानतळांवर हातातल्या सामानासाठी आता सीटी स्कॅनर आले आहेत, ते फिल्मवर धुरकट थर आणतात. फिल्म पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवून हाताने तपासायची विनंती करावी लागते.

सडाभटक्या:
@एल्बेकाठ दादा, काय बोलू! डिसेंबरला पुण्यात भेटतोच.

सगळ्यांचे आभार. फोकसचं कुणी सांगेल का? हेलिकॉइड (फिरवून भिंग पुढे-मागे करायची आट्यांची कडी) घ्यावा का? चिनी बनावटीचे एम६५ आट्यांचे, १७ ते ३१ मिमी उघडणारे मिळतात.

टूलरूमवाले काका:
हेलिकॉइड चांगला असतो, पण तुमच्या कामाला लागेल असं वाटत नाही. हिशेब मांडतो.

६५ मिमी भिंग, एफ/२२, आणि तीच ०.०५ ची सवलत. हायपरफोकल अंतर येतं ३.९ मीटर. तिथे पक्कं बसवलं तर साधारण दोन मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट. अनंतावर नेमकं बसलेलं भिंग ३.९ मीटरला आणायला फक्त १.१ मिमी पुढे सरकवावं लागतं. म्हणजे काय करायचं, तर आधी भिंग अनंतावर बसवा, मग त्याच्या पत्र्याखाली १.१ मिमीची पितळी शिम, म्हणजे पातळ चकती, घाला. शिम काढली की दूरच्या दृश्यासाठी कॅमेरा तयार. यात हलणारा भाग नाही, सैल होणारं काही नाही, मीठ-वाऱ्यात जाम होणारं काही नाही.

अनंतावर बसवायला घासलेली काच लागेल. साधी ३ मिमीची काच, कार्बोरंडमची बारीक पावडर, थोडं पाणी आणि दुसरा छोटा काचेचा तुकडा. गोल गोल घासत राहा. सगळीकडे सारखी धुरकट झाली की थांबा. घासलेली बाजू भिंगाकडे ठेवून बरोबर फिल्मच्या जागी, आतल्या रुळांवर टेकवा. शटर उघडं, भिंग पूर्ण उघडं, आणि किलोमीटरभर लांबच्या मोबाइलच्या मनोऱ्याची काचेवरची प्रतिमा हातात धरायच्या मोठं दाखवणाऱ्या भिंगाने बघा. पुढचा पत्रा शिमवर शिम घालून पुढे-मागे करायचा. चारही कोपरे तपासा, नुसतं मधलं नको.

खाडीपलीकडे:
काकांच्या पद्धतीला एक पर्याय. डीएसएलआर असेल तर त्यावर लांब भिंग लावून ते अनंतावर ठेवायचं आणि समोरून तुमच्या कॅमेऱ्याच्या भिंगात बघायचं. फिल्मच्या जागी घासलेल्या काचेवर बारीक रेघ मारून मागून उजेड द्यायचा. डीएसएलआरमध्ये ती रेघ स्पष्ट दिसली की तुमचं भिंगही अनंतावर आहे. घरात, रात्रीसुद्धा करता येतं. पावसाळ्यात मनोरा दिसतच नाही तेव्हा हीच पद्धत कामी येते.

टूलरूमवाले काका:
@खाडीपलीकडे वा! ही पद्धत मला माहीत होती ती टूलरूममधल्या ऑटोकॉलिमेटरमुळे. कॅमेऱ्याला लावून बघायला हवी.

गोदाकाठ:
शटरबद्दल कुणीच बोललं नाही. पडून राहिलेल्या शटरचे कमी वेग अडखळतात. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण करा. १/३० ला पातं आठ फ्रेम उघडं दिसायला हवं. वीस फ्रेम दिसलं तर साफसफाई हवी. शिलाई मशीनचं तेल कृपा करून टाकू नका, ते पात्यांवर पसरतं आणि मग शटर पूर्णच चिकटतं.

इंदूरोल:
मला बांधणीतलं फार कळत नाही, पण १२० चं नाव वाचून थांबलो. कोडॅकने हा रोल १९०१ मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला आणि आजही तो विकत मिळतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे. आमच्या काळी ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल मिळायचा. स्वस्त होता म्हणून शिकायला तोच. न्हाणीघराच्या दाराला गोधडी लावून रोल धुतलेले आहेत. उन्हाळ्यात नळाचं पाणी तिशीला जायचं, मग डेव्हलपर बर्फाच्या परातीत ठेवून विशीत आणायचा. हायपोचा, म्हणजे फिल्म पक्की करायच्या द्रावणाचा, वास अजून आठवतो.

लाल खिडकीबद्दल एक महत्त्वाचं. ती खिडकी निघाली तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नव्हता. आजच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला दिसतो. खिडकीवर सरकती झडप हवीच, आणि आकडा बघताना कॅमेरा स्वतःच्या सावलीत धरावा.

सडाभटक्या:
@इंदूरोल काका, गोधडीची युक्ती लक्षात ठेवतो :) घरी फिल्म धुणारच आहे.

चांदावाला:
६×९ च का? हेच भिंग ६×१२ ला पुरेल. ५६ × ११२ मिमीच्या फ्रेमचा कर्ण १२५ मिमी, तेवढं वर्तुळ हे भिंग देतं. कोपरे दीडएक स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) काळवंडतील एवढंच. लाल खिडकी मधल्या, म्हणजे ६×६ च्या आकड्यांवर ठेवायची आणि १, ३, ५, ७, ९, ११ असे फोटो घ्यायचे. एका रोलवर सहा. सड्याची क्षितिजरेषा काय येईल!

निगेटिव्हवाली:
@चांदावाला क्षितिजासाठी उत्तम, पण शिल्पं आडवी आहेत आणि कॅमेरा खाली झुकवून धरावा लागणार. ८२ अंशांच्या कोनात झुकवलं की कडेच्या आकृत्या ताणल्या जातात. नोंद म्हणून काढलेल्या फोटोत ते नको. ६×९ ला कोन ६६ अंशांचा, म्हणजे ३५ मिमी कॅमेऱ्यातल्या २८ च्या भिंगाइतका. शिवाय घडीच्या कॅमेऱ्याची मागची बाजू ६×९ चीच मिळणार.

अजून दोन गोष्टी. भरलेल्या रिळावर पट्टीची स्प्रिंग घासत राहील अशी ठेवा. ताण नसला की रोल सैल गुंडाळला जातो आणि कॅमेऱ्याबाहेर काढताना कडेने उजेड शिरतो. आणि फोटो घेण्याच्या अगदी आधी फिल्म पुढे सरकवा. कोकणच्या दमट हवेत सरकवून ठेवलेली फिल्म मधे फुगते.

प्रिंटरप्रेमी:
व्ह्यूफाइंडर फुकटात होतो. तारेची चौकट, फिल्मच्या दुप्पट मापाची: १६८ × ११२ मिमी. डोळ्यापासून भिंगाच्या दुप्पट अंतरावर, १३० मिमीवर ठेवायची. चौकटीत दिसेल तेच फिल्मवर येईल.

खाडीपलीकडे:
पेटीच्या सामानाबद्दल कोकणातला माणूस म्हणून सांगतो. एमडीएफ पहिल्या पावसाळ्यात फुगेल. जुना, मुरलेला सागवान घ्या, मोडलेल्या खिडकीच्या चौकटीचा मिळाला तर सोन्याहून पिवळा. भिंगाचा पत्रा मात्र ३ मिमी ॲल्युमिनियमचाच असू दे. लाकूड थोडंफार हललं तरी पत्रा आणि मागची बाजू सरळ धातूच्या चार खांबांनी जोडलेली असेल तर अंतर बदलत नाही. सागवानाचं काम उरतं फक्त उजेड अडवायचं. आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग द्या, चमक अजिबात नसते. सांध्यांना काळी मखमल.

टूलरूमवाले काका:
@खाडीपलीकडे चार खांबांची कल्पना एकदम बरोबर. १० मिमीचे ॲल्युमिनियमचे दांडे घ्या आणि चारही एकाच सेटिंगमध्ये लेथवर एका लांबीचे फेस करून घ्या. समांतरपणाची चिंताच मिटते. सडाभटक्या, मागची बाजू हातात आली की माप कळवा, दांडे मी करून देतो.

सडाभटक्या:
मग असं ठरवतो: ६×९, मागची बाजू एल्बेकाठ दादांकडची, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि काकांचे चार दांडे, भोवती सागवान, हेलिकॉइड नाही, १.१ ची शिम. भिंगाआधी गोदाकाठ ताईंचं पिनहोल लावून एक रोल. प्रिंटरप्रेमी, तारेच्या चौकटीचा पाया आणि लाल खिडकीची झडप पीईटीजीमध्ये तू करून देशील का?

राहिलं एकच. तिपाईचे आटे कुठले? गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात ६ मिमीचा नट दिला, तो दोन फेऱ्यांत अडकतो.

प्रिंटरप्रेमी:
नक्की, आनंदाने. मापं पाठव.

टूलरूमवाले काका:
६ मिमीचा जबरदस्तीने फिरवू नका, तिपाईचा स्क्रू खराब होईल. तिपाईचे आटे पाव इंची, इंचाला २० असतात. ६ मिमीला व्यासही कमी आणि आट्यांचं अंतरही वेगळं. दुकानात ‘पाव इंची बीएसडब्ल्यू’ मागा, व्हिटवर्थचे आटेही इंचाला २० च आहेत आणि तिपाईवर बसतात. बोहरी आळीत पितळी मिळेल. नट लाकडात नुसता ठोकू नका, ४ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवा आणि ती पट्टी खालच्या दोन दांड्यांना स्क्रूने धरा. म्हणजे कॅमेऱ्याचं वजन सागवानावर येणार नाही.